हनुवटी थोडी खाली

मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला कॅमेऱ्याचा झटका आयुष्यात दोनदा येतो. पहिल्यांदा मूल झाल्यावर, आणि दुसऱ्यांदा ते मूल फोटो काढू देईनासं झाल्यावर. पहिला झटका मोबाइलवर भागतो. दुसरा महागात पडतो, कारण तोवर पगार वाढलेला असतो, गृहकर्जाचे हप्ते उताराला लागलेले असतात आणि ऑफिसातल्या कुणीतरी लडाखच्या सहलीचे फोटो दाखवून मनात कली घुसवलेला असतो. झटका आलेल्यांपैकी निम्मे पक्ष्यांच्या मागे लागतात. ते पहाटे चारला उठतात, भिगवणला जातात, चिखलात बसतात आणि सुखी असतात. उरलेल्यांना माणसांचे चेहरे टिपायचे असतात. यांचे हाल कुत्रा खात नाही, कारण फ्लेमिंगो कधी "माझी ही बाजू चांगली नाही येत हो" असं म्हणत नाही.

या दुसऱ्या गटातला माणूस आधी अभ्यासाला लागतो. रात्र रात्र व्हिडिओ बघतो. जेवताना त्याच्या तोंडून अचानक "फुलफ्रेमचा सेन्सर छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर असतो" असं वाक्य बाहेर पडतं आणि समोरून "आमटी वाढू का?" असं उत्तर येतं. मग एका शुभदिनी विषय निघतो.

"नवीन कॅमेरा घ्यावा म्हणतोय."

"आहे की एक."

"तो क्रॉप सेन्सर आहे."

"म्हणजे बिघडलाय?"

"नाही."

"मग?"

या "मग"पुढे जगातल्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

खरं तर क्रॉप सेन्सरवर चेहऱ्यांचे उत्तम फोटो निघतात. निकॉन-सोनीचा क्रॉप दीडपट, कॅननचा एक पूर्णांक सहा. म्हणजे अशा कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स लावली की ती पंचाहत्तर-ऐंशीचं काम करते, आणि चेहऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पन्नासची एफ १.८ ही सगळ्या लेन्सांमध्ये गरिबाघरची लेक आहे: हलकी, स्वस्त आणि कामाला वाघ. पण नवशिक्याला ती सुचवून बघा. त्याचा चेहरा पडतो. एवढा अभ्यास करून स्वस्तातली वस्तू घ्यायची, हे त्याला पटतच नाही. कॅनन की निकॉन या वादात तो मित्र गमावून बसलेला असतो. त्यात सोनीवाले उतरल्यापासून लढत तिरंगी झालेली असते. आणि आता कुणीतरी सांगतो की बॉडी कुठलीही चालेल! मग वैर कशासाठी पत्करलं?

मुंबईत असाल तर या वादाचा निकाल फोर्टात, बोरा बाजारात लागतो. तिथल्या एखाद्या काउंटरला पोट टेकवून उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "साहेब, बजेट क्या है?" आपण आकडा सांगतो. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहतो, डॉक्टर रिपोर्ट वाचताना राहतात तितका, आणि मग पोऱ्याला सांगतो, "छोटू, वो सेकंडहँडवाला निकाल." यात अपमान वाटून घेण्याचं काही कारण नाही. वापरलेली लेन्स घेण्यात शहाणपणच आहे, फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायची. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले, तर ती बुरशी. काच कितीही पुसा, जाणार नाही, कारण ती आतल्या काचेवर असते. मुंबई-कोकणात चार महिने हवेत जो ओलावा असतो, तो कपाटात बंद पडलेल्या लेन्सवर हमखास सूड उगवतो. दुकानदार म्हणेल, "अरे साहेब, फोटो में नहीं आता." बुरशी वाढली की फोटो दुधाळ येतात. तेव्हा तो म्हणेल, "आजकल यही लुक चलता है."

घरी आल्यावर लेन्सला हवाबंद डबा लागतो आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतात. पुड्या स्वस्तात मिळतात. डबा मात्र घरातलाच उचलला जातो, आणि तो पापडांचा असतो. पापड कुठे गेले, या प्रश्नावरून सुरू झालेली भांडणं मी अनेक घरांत पाहिली आहेत. चाळीस हजारांच्या लेन्सपेक्षा बीडहून आलेल्या कुरडया मोलाच्या असतात, हे ज्याला कळतं त्याचा छंद टिकतो.

आमचे एक स्नेही मात्र थेट पंच्याऐंशी मिलिमीटरच्या एफ १.४ वर गेले. किंमत लाखाच्या घरात. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. पण ही लेन्स पूर्ण उघडून दीड मीटरवरून चेहऱ्यावर रोखली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा उरतो. समोरच्यानं मान जराशी वळवली की एक डोळा पट्ट्यात आणि दुसरा हद्दपार. त्यांनी पहिला फोटो काढला तो आत्याचा. डावा डोळा लख्ख, उजवा दाट धुक्यात. आत्यानं फोटो लांब धरून नीट पाहिला आणि म्हणाली, "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन फक्त डाव्याचं झालंय, हे तुला कुणी सांगितलं रे?"

तर एफ २.८ किंवा चारवर या, दोन्ही डोळे नांदू द्या, आणि नेम जवळच्या डोळ्यावर धरा. मोबाइलवर काढत असाल तर तोंडाजवळ जाऊ नका. त्याची मुख्य लेन्स साधारण चोवीस-सव्वीस मिलिमीटरच्या जातीची असते. चेहरा भरून दिसावा म्हणून आपण जवळ जातो, आणि नाक कानांपेक्षा फारच जवळ येऊन मोठं दिसायला लागतं. दोन पावलं मागे सरकून दुप्पट झूम लावला, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं नाकही माफक दिसतं.

उजेडाला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यावर कुणी विचार करत नाही. घरात ऊन थेट न येणारी एखादी खिडकी असतेच. माणसाला तिच्याशेजारी तिरकं बसवायचं, पलीकडच्या गालावर सावली फार पडली तर त्या बाजूला काहीतरी पांढरं उभं करायचं. बाजारात त्यासाठी घडीचे रिफ्लेक्टर मिळतात. उघडताना ते फटकन तोंडावर बसतात आणि घडी करताना दोन इंजिनियर लागतात. २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आली, तेव्हापासून बऱ्याच घरांच्या माळ्यावर गणपतीच्या मखराचं थर्माकोल निष्क्रिय पडून आहे. ते काढा. दोन्ही हातांनी धरायला एक भाचा लागेल, तो थर्माकोलहूनही सहज मिळतो.

फ्लॅश घेतलाच असेल तर तो समोरच्याच्या तोंडावर न मारता छताकडे वळवायचा, म्हणजे उजेड पसरून खाली येतो. अट एकच, छत आणि भिंती पांढऱ्या हव्यात. जुन्या वाड्यांतून आणि सरकारी क्वार्टरांतून पिस्ता रंगाची जी परंपरा आहे, तिथे हा प्रयोग केला तर सबंध कुटुंबाला कावीळ होऊन वर शेवाळ चढल्याची कळा येते. आणि ट्यूबलाइटखाली शटर फार वेगात ठेवू नका. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं, आणि आजीच्या कपाळावर आडवे पट्टे उमटतात.

इथवर सगळं पैशानं किंवा भाच्यानं सुटण्यासारखं होतं. आता समोर बसायला माणूस हवा. माझं स्पष्ट मत असं आहे की निम्मी खरेदी ही या क्षणाला घाबरून केलेली असते. "तुमचा फोटो काढू का?" हे चार शब्द विचारायची छाती होत नाही, म्हणून लोक आणखी एक लेन्स घेतात.

या बाबतीत ज्युलिया मार्गारेट कॅमेरून या बाईंचा आदर्श ठेवावा. जन्म १८१५, कलकत्त्याचा. १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेकीनं त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या इंग्लंडात आइल ऑफ वाइट बेटावर राहत होत्या. बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि दिसेल त्याला धरून आणायला सुरुवात केली. घरात मेरी हिलियर नावाची मोलकरीण होती, तिला मॅडोना करून बसवली. शेजारी टेनिसन राहत होता, त्याला बसवला. १८६८ साली डार्विन कुटुंबासह हवापालटाला आला आणि भाड्यानं राहिला तो यांच्याच घरात. भाडेकरू असून सुटतो कुठे! एकेका फोटोला लोकांना मिनिटं मिनिटं निश्चल बसावं लागे. त्या काळच्या जाणकारांनी "फोटो पुसट येतात" म्हणून नाकं मुरडली. त्याच मऊपणापायी आमच्या स्नेह्यांनी लाख मोजले. पण त्यांच्याकडे ना टेनिसन, ना मोलकरणीला "दहा मिनिटं बसतेस का?" म्हणायची हिंमत. त्यांची कामवाली तर तीन घरं पुढची उरकून निघालेली असते.

घरातल्या मॉडेलांची अडचण अशी की ती आपल्याला ओळखतात. बायकोला विचारा. "आत्ता नको, केस धुतलेले नाहीत." केस धुतलेले असतात त्या दिवशी, "आत्ता नको, गर्दी आहे कामांची." चौदा वर्षांचा मुलगा हुडी नाकापर्यंत ओढतो आणि तासाचा दर विचारतो. तिघं एका रांगेत बसायला तयार झाली, तर आजी आतून ओरडते, "तिघांचा फोटो काढू नये!" मग चौथा म्हणून कुरियरवाल्याला उभं केलं जातं, आणि खरं सांगायचं तर त्या फोटोत सगळ्यात मोकळा तोच दिसतो.

बाहेर मॉडेल शोधणाऱ्यांचे दोन ठरलेले मार्ग आहेत, आणि दोन्हींबद्दल मला फारसं चांगलं बोलता येणार नाही. पहिला, वारी. पालखी दिवेघाटात चढायला लागली की रस्त्याच्या दोन्ही कडांना कॅमेरेवाल्यांची दिंडी उभी असते. पांढरं मुंडासं, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं असलेले एक आजोबा दिसले की वीस जण धावतात. त्या आजोबांचा चेहरा अर्ध्या महाराष्ट्राच्या इन्स्टाग्रामवर आहे, दोन प्रदर्शनांत आहे, एका कॅलेंडरवरही असेल. आजोबांचं नाव विचारायला मात्र कुणाला सवड नसते. सुरकुती म्हणजे व्यक्तिचित्र हा समज कुणी पसरवला कळत नाही. तीस वर्षांच्या गुळगुळीत चेहऱ्यावरही पुष्कळ काही लिहिलेलं असतं. ते वाचायला वेळ लागतो, एवढंच.

दुसरा मार्ग, अनोळखी मुलींना "मॅडम, फोटोशूट करायचं का? नो चार्जेस" असे निरोप धाडणं. यातला एखादा सज्जन असतोही, पण ते निरोपातून कळत नाही. लाला दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तिथे फोटो काढायला बाईच नेमली. समोरच्या माणसाला निर्धास्त वाटल्याशिवाय फोटो होत नाही, ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी धंद्याच्या हिशोबातही बसली होती. तेव्हा सोबत मैत्रीण, बहीण, आई, कुणाला हवं त्याला आणू द्या. जागा चार लोकांत असलेली निवडा. फोटो कुठे टाकणार आणि कुठे टाकणार नाही, हे आधी सांगा, आणि लिहून द्या. "नको" म्हटलं की विषय संपला.

सरळ मार्ग हवा असेल तर नाटकवाली पोरं गाठा. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत कॉलेजाकॉलेजांतून तालमी चालू असतात. त्यातल्या प्रत्येकाला ऑडिशनसाठी बरे फोटो हवे असतात आणि एकाकडेही पैसे नसतात. तुम्हाला चेहरे हवेत, तुमच्याकडे लेन्स आहे. त्यांना फोटो फुकट, तुम्हाला सराव फुकट. वर चहा तुमच्या खर्चानं. शिवाय या मुलांना उजेडात उभं राहायला लाज वाटत नाही. उलट, बाजूला व्हायला सांगावं लागतं.

फोटोला बाग बरी असं तुमच्या मनात येईल. जाऊन बघा. बागेत शेकडो लोक मोबाइलवर फोटो काढत असतात. तुम्ही पिशवीतून कॅमेरा काढलात की झाडामागून वॉचमन उगवतो. "ओ साहेब, कॅमेरा अलाउड नाही." "अहो, ते सगळे काढतायत की." "ते मोबाइल आहे." "माझ्या कॅमेऱ्यापेक्षा त्याचा मोबाइल महाग आहे." "असंल. पण त्याच्यात फोन येतो." या युक्तिवादावर अजून तोड निघालेली नाही. परवानगीचा कागद आधी काढलेला बरा.

पण सगळ्यात उत्तम मॉडेल तुमच्याच जिन्यात राहतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. "या रविवारी तुमचा फोटो काढू का?" असं विचारल्यावर ते एका क्षणात हो म्हणाले, इतक्या लवकर की मलाच शंका आली. रविवारी ते तीन इस्त्रीचे शर्ट हँगरला लावून आले, मागोमाग काकू. काका खिडकीशी बसले, गुडघ्यांवर तळवे टेकले आणि पासपोर्टच्या फोटोसाठी असावा तसा चेहरा लावून भिंतीकडे बघू लागले. म्हणाले, "चांगला काढ हं. पुढे लागेल." कशाला लागेल, हे विचारायची गरज नव्हती. "पेपरात ते लोक काय वाटेल तो फोटो छापतात रे. आमच्या साहेबांचा आधार कार्डवरचा छापला होता. गेलेला माणूस तसाच दिसत होता, पण ते बरं का?"

मी हनुवटी खाली घ्यायला सांगितली, त्यांनी मान खाली घातली. हसायला सांगितलं, त्यांनी ओठ लांबवले. चष्म्यात खिडकी दिसत होती, म्हणून काड्या किंचित वर करून काच खाली झुकवली. तरी ते ढिम्मच. तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "असेच बघायला आले होते आमच्याकडे. बाबा म्हणाले होते, मुलगा बहुतेक आजारी आहे." काका भडकून वळले, "अगं, तुझे बाबाच…" आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. तो फोटो.

काकूंनी केलं तेच ओटावात १९४१ च्या डिसेंबरात युसुफ कार्श यांनी केलं होतं. चर्चिल पार्लमेंटात भाषण करून आला होता, फोटोला नाखूश होता आणि सिगार सोडायला तयार नव्हता. कार्श पुढे झाले, "माफ करा, सर" म्हणून त्यांनी त्याच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि मागे येऊन बटण दाबलं. चर्चिलचा जो गुरगुरता चेहरा जगाला ठाऊक आहे, तो सिगार गेल्याचा राग आहे. पुढे हाच चेहरा ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर आला. कार्श कोणत्या लेन्सनं काढत होते हे फार थोड्यांना माहीत असतं. सिगारची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. आपले गौतम राजाध्यक्षही नुसते फोटो काढून थांबले नाहीत. ज्यांचे काढले त्यांच्याविषयी 'चेहरे'मध्ये लिहिलंसुद्धा. आधी माणूस ठाऊक, मग लेन्स.

तुम्हाला चर्चिल मिळणार नाही, आणि जिन्यातल्या माणसांच्या तोंडातून काही काढून घ्यायलाही जाऊ नका. फक्त विचारा, बसवा, गप्पा मारा, आणि गप्पांत घरातलं तिसरं माणूस असेल तर त्याला बोलू द्या. मग एक काम न चुकता करा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून मोकळे होऊ नका, प्रिंट काढून द्या. चार बाय सहाची प्रिंट आजही वडापावच्या आसपास पडते. काकांना मोठी करून दिली, ती त्यांनी कपाटात न ठेवता दिवाणखान्यात लावली. म्हणाले, लागेल तेव्हा लागेल. त्या भिंतीमुळे आमच्या इमारतीत आता मला मॉडेल शोधावं लागत नाही, उलट रविवारी नंबर लागतात. आणि प्रिंट मॅटच घ्या. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.